केसाएवढ्या फायबरमधून पेशी पाहायच्या तर: नाशिकच्या प्रयोगशाळेत जमेल अशी मांडणी

105 मायक्रोमीटर कोअरच्या (मधल्या गाभ्याच्या) मल्टिमोड फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचतंतूच्या, एका टोकावर पेशीचे चित्र पाडले, तर दुसऱ्या टोकाला पेशी दिसत नाही. वाळू सांडल्यासारखी दाणेदार नक्षी दिसते. तिला स्पेकल म्हणतात. चित्र हरवलेले नसते, विस्कटलेले असते. फायबरमध्ये प्रकाश हजारो वाटांनी, म्हणजे मोडनी, धावतो. प्रत्येक मोडचा वेग किंचित वेगळा असतो आणि टोकाला पोचेपर्यंत सगळ्या लाटा एकमेकींत मिसळतात. फायबर हलला नाही, तापला नाही, तर तेच चित्र दर वेळी तीच नक्षी देते, म्हणून उलटा हिशेब करता येतो. 2012 मध्ये टोमास चिझ्मार आणि किशन ढोलकिया या भौतिकशास्त्रज्ञांनी ही मिसळण मोजून नुसत्या फायबरमधून प्रतिमा घेऊन दाखवल्या. 2018 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या डिमेट्री साल्टिस आणि ख्रिस्तोफ मोझर यांच्या गटाने हाच उलगडा न्यूरल नेटवर्ककडून करून घेतला.

जनरेटिव्ह एआय, म्हणजे शिकलेल्या चित्रांसारखी नवी चित्रे तयार करणारे मॉडेल, यात येते ते एका ठरावीक जागी. कॅमेऱ्याला लाटेची तीव्रता दिसते, फेज (लाट त्या क्षणी चढावर आहे की उतारावर) दिसत नाही, त्यामुळे हिशेबात माहिती तोकडी पडते. ती पोकळी ‘पेशी साधारणपणे अशा दिसतात’ या ज्ञानाने भरून काढायची. पण असे मॉडेल माहिती अजिबात नसली तरी सुबक पेशी काढून देते, आणि वैद्यकीय चित्रात ती चूक महागात पडते. म्हणून मॉडेलला कॅमेऱ्याच्या मोजमापाशी घट्ट बांधणे हेच या कामाचे मर्म आहे. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी मोडचा हिशेब

वस्तू विकत घेण्याआधी कागद-पेन घ्या. मोड किती ते व्ही या आकड्यावरून कळते. स्टेप-इंडेक्स (गाभ्याचा अपवर्तनांक सगळीकडे सारखा असलेल्या) फायबरचा व्ही म्हणजे 2 π गुणिले कोअरची त्रिज्या गुणिले एनए (फायबर किती रुंद कोनातला प्रकाश घेतो तो आकडा), भागिले तरंगलांबी. कोअर 105 मायक्रोमीटर, एनए 0.22 आणि हिरवा लेसर 532 नॅनोमीटर धरला तर व्ही सुमारे 136 येतो. व्हीचा वर्ग भागिले 2, म्हणजे सुमारे 9,300 मोड. त्यातली एकच पोलरायझेशन (लाटेच्या कंपनाची दिशा) वापरायची असल्यामुळे हाती उरतात 4,650. 64 गुणिले 64 पिक्सेलचे चित्र म्हणजे 4,096 अज्ञात संख्या. हे बसते. 50 मायक्रोमीटर कोअर घेतला तर एका पोलरायझेशनचे जेमतेम 1,050 मोड मिळतात. तिथे 32 गुणिले 32 च्या पुढे जाऊ नका. मोडपेक्षा जास्त पिक्सेल मागितले की वरचे सगळे पिक्सेल मॉडेलने मनाने भरलेले असतात. 256 गुणिले 256 ची चकाचक प्रतिमा कोणी दाखवली, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: फायबरचे मोड किती होते?

सूक्ष्मतेची मर्यादाही इथेच ठरते. तरंगलांबी भागिले दोनदा एनए, म्हणजे सुमारे 1.2 मायक्रोमीटर. 105 मायक्रोमीटरच्या वर्तुळात बसणारा चौरस 74 मायक्रोमीटरचा. त्याचे 64 भाग केले की एक पिक्सेल 1.16 मायक्रोमीटरचा होतो. आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणून हीच जोडी निवडावी. 6 ते 10 मायक्रोमीटरचे केंद्रक 5 ते 9 पिक्सेल व्यापेल. आकार, गर्दी आणि कडा समजायला तेवढे पुरते.

सामान आणि बैठक

लेसर एकाच लॉन्जिट्युडिनल मोडचा (म्हणजे एकाच काटेकोर तरंगलांबीचा; फायबरच्या मोडशी याचा संबंध नाही) हवा, 20 ते 50 मिलिवॉट. यात काटकसर केली की पुढचे सगळे काम वाया जाते. 1 मीटर लांबीच्या अशा फायबरमध्ये तरंगलांबी अवघी 0.02 नॅनोमीटर सरकली तरी स्पेकल ओळखू न येण्याइतके बदलते. बाजारातले हिरवे पॉइंटर यात कधीच टिकत नाहीत. शिवाय त्यांतून न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही निसटतो, तो डोळ्यांना घातक. निवडलेला लेसर 3-बी वर्गात मोडतो. त्या तरंगलांबीचा चष्मा घाला, अंगठी-घड्याळ काढून ठेवा आणि किरण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नका.

चित्र दाखवायला डीएमडी, म्हणजे सूक्ष्म आरशांची चिप. डीएलपी लाइटक्राफ्टर 4500 हा तयार संच पुरेसा आहे: 912 गुणिले 1140 आरसे, प्रत्येकी 7.6 मायक्रोमीटरचे, आणि काळे-पांढरे पॅटर्न सेकंदाला 4,225 पर्यंत. त्याचे आरसे चौकटीत नसून हिऱ्यासारखे तिरके मांडलेले असतात. पॅटर्न पाठवताना ही मांडणी लक्षात घेतली नाही, तर चित्र एका दिशेने दुप्पट ताणले जाते.

डीएमडीवरचा साधारण 1.85 मिलिमीटरचा चौरस 250 मिलिमीटरची लेन्स आणि 10 मिलिमीटर फोकल लांबीचे 20 पट ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचे भिंग) यांनी 25 पट लहान करून फायबरच्या तोंडावर पाडायचा. दुसऱ्या टोकाला तसेच ऑब्जेक्टिव्ह, 200 मिलिमीटरची ट्यूब लेन्स, पोलरायझर आणि मोनोक्रोम ग्लोबल-शटर कॅमेरा. 3.45 मायक्रोमीटर पिक्सेलचा कॅमेरा असेल तर स्पेकलचा एक दाणा सुमारे 7 पिक्सेल व्यापतो. 12 बिट ठेवा. गॅमा, ऑटो-एक्स्पोजर, ऑटो-गेन बंद करा. स्पेकलमध्ये मोजके ठिपके सरासरीच्या कित्येक पट तेजस्वी असतात. म्हणून सरासरी पाहून एक्स्पोजर लावू नका. सर्वांत तेजस्वी ठिपका कमाल मूल्याच्या 80 टक्क्यांवर येईल असे लावा.

ऑप्टिकल टेबल नसेल तर 2 इंच जाडीची कडप्पा फरशी अर्ध्या हवेच्या स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवा. मुंबई-आग्रा महामार्गाच्या किंवा सातपूर-अंबडच्या प्रेस शॉपच्या जवळची खोली असेल तर तळमजलाच घ्या. फायबरसाठी सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या जॉबवर्कवाल्याकडून 10 मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीत 1 मिलिमीटर रुंद सरळ खाच पाडून घ्या. फायबर खाचेत बसवून दर 5 सेंटिमीटरवर कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) धरावा, ताणू नये. लांबी 1 मीटरपेक्षा जास्त नको. तोंडे 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दर वेळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. कोअरवरचा धुळीचा एक कण एकदा कॅलिब्रेशन (फायबरची मिसळण मोजणे, पुढे येते) झाल्यावर हलला, तर सगळे पुन्हा मोजावे लागते.

आणि छताचा पंखा बंद. वाऱ्याने फायबरचे उघडे टोक हलते, स्पेकल थरथरते, आणि आलेखात हा दोष नेमका कॅमेऱ्याच्या गोंगाटासारखा (नॉइजसारखा) दिसतो. उन्हाळ्यात खोली तापते म्हणून एसी लावणार असाल, तर मांडणीवर पुठ्ठ्याचे खोके उलटे ठेवा.

तापमानाचे गणित वेगळे सांगायला हवे, कारण नाशिकमध्ये ते फार बाधते. जानेवारीत पहाटे 10 अंशांच्या आसपास असते आणि दुपारी 28-30 पर्यंत चढते. ढोबळ हिशेबाने 1 मीटर फायबरमध्ये 1 अंशाचा फरक पडला, तर सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद मोडमधले अंतर तरंगलांबीच्या तिसऱ्या हिश्शाने सरकते. तीन-चार अंशांत जुने कॅलिब्रेशन निकामी. सकाळी ट्रेनिंगचा डेटा आणि दुपारी टेस्टचा डेटा घेतला, तर मॉडेल बिघडलेले वाटते; बिघडलेला असतो दिवस. लेसर किमान 45 मिनिटे आधी सुरू करा, सगळे यूपीएसवर ठेवा (वीज झपकन गेली-आली तरी लेसर पुन्हा स्थिर व्हायला तेवढाच वेळ खातो) आणि एकाच बैठकीत मोजा.

फायबर मोजून घेणे

आता ट्रान्समिशन मॅट्रिक्स, म्हणजे कुठल्या पिक्सेलचा प्रकाश टोकाला कुठे आणि कोणत्या फेजने पोचतो याचा तक्ता. डीएमडीवर 64 गुणिले 64 चे 20,000 यादृच्छिक काळे-पांढरे पॅटर्न दाखवा आणि प्रत्येकाचे स्पेकल टिपा. कॅमेरा सेकंदाला 100 चौकटी घेत असेल तर हे 200 सेकंदांत आटोपते. डीएमडी आणि कॅमेरा ट्रिगरच्या वायरने जोडलेले हवेत. सॉफ्टवेअरमध्ये थांबा घालून जुळवणी करू नका. एका चौकटीची घसरण झाली तरी पॅटर्न एकाचा आणि स्पेकल दुसऱ्याचे अशी जोडी लागते. दर 100 पॅटर्ननंतर एक ठरलेला संदर्भ-पॅटर्न घाला. त्याच्या स्पेकलचा पहिल्या स्पेकलशी सहसंबंध गुणांक काढा (दोन नक्ष्या किती जुळतात ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे तंतोतंत). तो 0.95 च्या खाली गेला, तर तिथपासूनचा डेटा टाकून द्या. दुरुस्त करायचा मोह टाळा.

संपूर्ण चौकट साठवायची गरज नाही. कोअरच्या चित्रातून विखुरलेले 16,384 पिक्सेल एकदाच निवडा आणि तेच कायम वापरा. शेजारचे पिक्सेल एकत्र करून चित्र लहान करू नका: दाण्यांच्या तीव्रता मिसळल्या की ‘तीव्रता म्हणजे लाटेचा वर्ग’ हे समीकरण बिघडते. असे केल्यास 20,000 नोंदींना 16 बिटांत सुमारे 650 मेगाबाइट लागतात.

तक्त्यातल्या संख्या संमिश्र (उंची आणि फेज दोन्ही धरणाऱ्या) आहेत आणि फेज मोजलेली नाही. म्हणून पायटॉर्च या प्रोग्रॅमिंगच्या साधनात तक्ता अज्ञात धरा, पॅटर्नशी गुणा, आलेल्या संख्यांचे मापांक घ्या, मोजलेल्या तीव्रतेच्या वर्गमुळाशी तुलना करा आणि अ‍ॅडम ऑप्टिमायझरने (संख्या थोड्या थोड्या बदलत नेणारी पद्धत) चूक कमी करत न्या. तक्ता सुमारे 537 मेगाबाइटचा होतो. ऑप्टिमायझरचा पसारा धरूनही 12 जीबीच्या ग्राफिक कार्डावर आरामात बसतो. बाजूला ठेवलेल्या 500 पॅटर्नवर परीक्षा घ्या. भाकीत केलेले आणि खरे स्पेकल यांचा सहसंबंध 0.9 च्या वर असेल तर पुढे चला. 0.6-0.7 वर अडला तर ठिपके जळालेले (कॅमेऱ्याच्या कमाल मूल्यावर अडकलेले) आहेत किंवा मोजणी चालू असताना फायबर सरकला आहे. जवळजवळ शून्य आला तर ट्रिगर पाहा. बहुधा एका चौकटीची घसरण निघेल.

राखाडी छटांची फसवणूक

पेशींची चित्रे राखाडी असतात, डीएमडी फक्त चालू-बंद जाणतो. डीएमडीच्या तयार 8 बिट मोडमध्ये छटा वेळेच्या वाटणीने तयार होतात, आणि तो मोड इथे चुकीचा आहे. कॅमेऱ्यावर आठ वेगवेगळ्या स्पेकलच्या तीव्रतांची बेरीज पडते. खऱ्या पेशीतून येणारा प्रकाश तसा वागत नाही. त्याऐवजी एका पिक्सेलला साधारण 4 गुणिले 4 आरसे द्या आणि छटेप्रमाणे 0 ते 16 आरसे चालू करा. पिक्सेलच्या आतली रचना फायबरच्या एनएला दिसत नाही, त्यामुळे लाटेची उंची चालू आरशांच्या संख्येच्या प्रमाणात येते. लक्षात ठेवायचे ते असे, की तीव्रता उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते. निम्मी छटा हवी असेल तर 8 आरसे चालू करून चालत नाही, सुमारे 11 लागतात. छटेचे वर्गमूळ घ्यायचे राहून गेले की चित्रातले मंद प्रकाशाचे भाग गायब होतात.

मॉडेल शिकवणे

इथे स्पेकल लागतच नाही. डिफ्यूजन मॉडेलला (गोंगाटातून पायरी-पायरीने चित्र काढणारे जनरेटिव्ह मॉडेल) फक्त स्वच्छ पेशींची चित्रे द्यायची. पॅचकॅमेलियन हा खुला संच सुरुवातीला चांगला: लिम्फ नोडच्या (लसिका ग्रंथीच्या) स्लाइडचे 96 गुणिले 96 पिक्सेलचे 3,27,680 तुकडे, त्यांतले 2,62,144 ट्रेनिंगचे. त्यातला एक पिक्सेल 1 मायक्रोमीटरच्या जवळपास भरतो, म्हणजे आपल्या मोजमापाशी जवळजवळ जुळतो. थोडे आकुंचन करून मधला 64 चा चौकोन घ्या. तीनपैकी फक्त हिरवा चॅनेल वापरा. स्लाइड रंगवण्याचा इओसिन हा रंग हिरवा प्रकाश शोषतो, त्यामुळे 532 नॅनोमीटरला स्लाइड जशी दिसेल त्याच्या सर्वांत जवळचे चित्र तेच असते.

64 गुणिले 64 साठी साधे यू-नेट (चित्र घेऊन चित्र देणारे न्यूरल नेटवर्क), 1,000 गोंगाट-पायऱ्या आणि 64 चा बॅच (एका वेळी 64 चित्रे) पुरे. स्वतःचा संच बनवत असाल तर ट्रेनिंग आणि टेस्टची वाटणी रुग्णानुसार करा. एकाच स्लाइडचे तुकडे दोन्हीकडे गेले तर गुण फुगतात आणि त्यांना काही किंमत उरत नाही.

लिम्फ नोडवर शिकलेले मॉडेल लिम्फ नोडच पाहते. तोंडातल्या अस्तराचे चित्र दिले तर त्यातही ते लहान-लहान दाट केंद्रके पेरते. तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचे व्रण आपल्याकडे किती दिसतात ते नाशिकच्या कुठल्याही दंतवैद्याला विचारा. त्या कामासाठी तोंडाच्याच ऊतीच्या स्लाइड जमवाव्या लागतील. त्या मिळवण्याचा रस्ता संस्थेच्या नैतिकता समितीतून (एथिक्स कमिटी) जातो. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयातल्या पॅथॉलॉजी विभागाला सहभागी करून घ्या. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2023 मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, ती अर्ज लिहिण्याआधी वाचा. स्लाइडवरचे नाव आणि नोंदणी क्रमांक स्कॅन करण्याआधी झाका, नंतर पुसण्याच्या भरवशावर राहू नका.

दोन्ही जोडणे

शुद्ध गोंगाटापासून मॉडेल एकेक पायरी चित्र स्वच्छ करत जाते. प्रत्येक पायरीला त्या क्षणाचे अंदाजी चित्र ट्रान्समिशन मॅट्रिक्समधून पाठवा, येणारे स्पेकल खऱ्या स्पेकलशी ताडा आणि फरक कमी होईल अशा दिशेने चित्राला ढकला. या ढकलण्याला किती वजन द्यायचे, हा साऱ्या कामातला सर्वांत नाजूक आकडा. कमी पडले तर पेशी देखण्या येतात आणि समोरच्या नमुन्याशी त्यांचा संबंध नसतो. जास्त झाले तर चित्रावर खडबडीत जाळी येते, कारण मॉडेल कॅमेऱ्याचा गोंगाटही खरा मानून रंगवू लागते. आकडा नजरेने ठरवू नका. एकच पॅटर्न 100 वेळा टिपून कॅमेऱ्याचा गोंगाट मोजा. उरलेला फरक त्या गोंगाटाइतकाच राहील असे वजन लावा.

फेज नसल्यामुळे हिशेब कधीकधी भलत्याच खड्ड्यात अडकतो. अशा वेळी आधी एका छोट्या यू-नेटकडून ओबडधोबड चित्र काढून घ्या आणि त्यात थोडा गोंगाट मिसळून 1,000 ऐवजी 300 व्या पायरीपासून सुरू करा. एकाच स्पेकलवर वेगवेगळ्या सुरुवातीने 16 वेळा चालवा. ज्यांचा उरलेला फरक गोंगाटापेक्षा बराच मोठा आहे ती उत्तरे फेका; उरलेल्यांचे प्रत्येक पिक्सेलचे प्रमाणित विचलन काढा. हा नकाशा चित्राच्या शेजारी छापलाच पाहिजे. जिथे 16 पैकी 9 चित्रांत केंद्रक आहे आणि 7 मध्ये नाही, तिथे पॅथॉलॉजिस्टने काही मत देऊ नये, आणि हे त्यांना नकाशाशिवाय कळायला मार्ग नाही.

‘अ’ ची परीक्षा

गुण मोजणारी सूत्रे इथे फसवतात. एक केंद्रक पूर्ण खोटे काढले तरी सरासरी सारखेपणा तसाच राहतो. म्हणून डीएमडीवर ‘अ’ हे अक्षर दाखवा. नीट बांधलेली मांडणी ‘अ’ परत देईल, थोडा मळलेला, कडा पेशींसारख्या गोलसर झालेल्या. सैल मांडणी ‘अ’ च्या जागी गुलाबाच्या पाकळ्यांसारखी केंद्रकांची गर्दी काढेल. मग लेसर झाकून नुसता अंधार द्या. अंधारातून पेशी उगवल्या तर वजन कमी आहे. दोन्ही परीक्षा रोज, पहिल्या नमुन्याआधी.

त्यानंतर खरी वस्तू. लासलगावचा कांदा घरोघरी असतोच. त्याच्या आतल्या पापुद्र्याची साल सॅफ्रानिन या लाल रंगाने रंगवा. मिथिलिन ब्लू नको, ती लाल प्रकाश शोषते आणि हिरव्यात फिकी दिसते. साल ग्लिसरीनमध्ये बसवा. पाण्यात ठेवली तर पेशीभित्तिका प्रकाशाची फेज बदलतात, आणि काळ्या-पांढऱ्या चित्रांवर शिकलेल्या मॉडेलला फेज काय ते ठाऊक नसते. ते भित्तिकेच्या दोन्ही बाजूंना खोट्या दुहेरी रेषा काढते. ग्लिसरीनचा अपवर्तनांक 1.47 असल्यामुळे हा त्रास बराच उतरतो. डीएमडीच्या जागी स्लाइड आणताना दुसरे 20 पट ऑब्जेक्टिव्ह समोरासमोर लावून 1:1 प्रतिमा फायबरवर पाडा आणि स्लाइडवर समांतर किरण टाका. कांद्याची पेशी आपल्या 74 मायक्रोमीटरच्या खिडकीपेक्षा बरीच लांब असते, त्यामुळे दिसेल ती एखादी भित्तिका आणि नशिबाने एक केंद्रक. गालाच्या आतली पेशी 50-60 मायक्रोमीटरची, ती अख्खी मावते. शेजारी साध्या सूक्ष्मदर्शकाचे त्याच जागेचे चित्र ठेवा. तुलना त्याच्याशीच करायची.

शरीरात नेताना

ही मांडणी टेबलावरची आहे. मल्टिमोड फायबर वाकला की तक्ता बदलतो, आणि घशात तो वाकणारच. म्हणून रुग्णावर वापरात असलेली साधने फायबरचे बंडल वापरतात: 30,000 पर्यंत कोअर, प्रत्येक कोअर एकेक पिक्सेल, वाकले तरी चित्र टिकते. त्याचा दोष म्हणजे चित्रावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी. कोअरमधले अंतर 3-4 मायक्रोमीटर, म्हणजे एका केंद्रकावर आडवे दोन-तीनच कोअर. ती जाळी जनरेटिव्ह मॉडेलने छान बुजवता येते, आणि खोटे केंद्रक निर्माण होण्याची भीती तिथेही तेवढीच. वजनाचा नियम, 16 चित्रांचा नकाशा आणि ‘अ’ ची परीक्षा तिथे जशीच्या तशी लावा. फक्त ट्रान्समिशन मॅट्रिक्सच्या जागी ‘कुठला कोअर कुठे’ एवढाच नकाशा येतो. तो एकसारख्या पांढऱ्या पडद्याच्या एका चित्रावरून काढता येतो.

फायबर बदलला, टोक पुन्हा कापले किंवा मांडणी दुसऱ्या खोलीत नेली, तर डिफ्यूजन मॉडेल पुन्हा शिकवू नका. ते पेशींचे आहे, फायबरचे नाही. लेसर तापू द्या, 20,000 पॅटर्न पुन्हा दाखवा, नवा तक्ता काढा, ‘अ’ तपासा आणि काम पुढे सुरू करा. फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि खोलीचे तापमान लिहा.